कोर्टाजवळचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान : 4 स्टार, पार्किंग भगवान भरोसे

नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टाच्या आसपास झेरॉक्सवाल्यांची लाइनच आहे, त्यातलं हे एक छोटंसं दुकान. नाव टाकत नाही कारण बोर्ड अर्धा तुटलेला आहे आणि दुकानवाले भाऊ म्हणे मले फेमस नाही व्हायचं. लॅमिनेशनवर एवढा मोठा रिव्ह्यू कोण लिहिते असं वाटत असेल तर मी तिथं काहून गेलो ते आधी ऐका.

माझं चहा-पोहे-ऑम्लेटचं दुकान आहे, 10 बाय 12 चा गाळा, एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या रोडवर. आमचा खरा धंदा रात्रीचा. गडचिरोली, चंद्रपूर, तिकडून बालाघाटहून पेशंट घेऊन आलेले लोक असतात, रात्री 1 वाजता कोणाला भूक लागते, कोणाला लेकरासाठी दूध गरम करून पाहिजे, ते कुठं जातील. आणि रोज रात्री 11 वाजले की बाइकवर दोघं पोलीस येणार, शटरवर दांडा वाजवणार, "बंद कर बे, किती वेळा सांगायचं". आता हेच दोघं पावणेअकराला चहा अन् डबल ऑम्लेट खाऊन गेलेले असतात, पैसे मागायची आपली हिंमत नाही आणि द्यायची त्यांना सवय नाही. एकदा तर माझ्या हाताखालच्या पोट्ट्याला गाडीवर बसवून नेलं, दोन तास नुसतं बाकावर बसवून ठेवलं, काही विचारलं नाही, काही लिहून घेतलं नाही, मग म्हणे जा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मायनं येऊन मलाच झापलं, आणि बरोबरच झापलं.

मग व्हॉट्सॲपवर पेपरचं कात्रण आलं, की कामगार विभागानं 1 ऑक्टोबर 2025 ला जीआर म्हणजे सरकारी निर्णय काढला, दारूची ठिकाणं सोडून बाकी दुकानं, हॉटेलं 24 तास चालू ठेवता येतात. नवीन काही नाही त्यात, 2017 च्या दुकान कायद्यातच ते होतं, पण खाली अडवाअडवी चालू होती म्हणून सरकारला परत कागद काढून सांगावं लागलं. मी कात्रण मोबाइलवर दाखवलं तर साहेब म्हणे "मोबाइलवर काहीही बनवता येते, एआय आहे आजकाल". घ्या.

तर तेच कात्रण मोठं करून लॅमिनेट करा म्हणून मी ह्या दुकानात गेलो. भाऊंनी पाहिलं आणि म्हणे कात्रण नको लावू, कात्रणाले कोण विचारते, मूळ जीआर लाव. सरकारच्या साइटवरून काढून दिला, त्याच्यावर तो लांबलचक संकेतांक असते ना तो पुसट आला म्हणून दुसऱ्यांदा प्रिंट मारली, दुसरीचे पैसे नाही घेतले. मग विचारलं शॉप ॲक्ट आहे का. आमच्यासारख्या कमी माणसांच्या दुकानाला लायसन नसते लागत, ऑनलाइन नुसती माहिती द्यायची आणि पावती ठेवायची. माझी पावती होती पण पत्ता जुन्या गाळ्याचा! म्हणे आधी हे सुधर, नाहीतर तुले याच्यावरच धरतील. त्या दिवशी सर्व्हर डाऊन होता म्हणून दुसरी चक्कर पडली, पण त्यात ह्यांची काय चूक.

एक गोष्ट मला टोचली. जीआर मोठ्यानं वाचता वाचता भाऊ थांबले आणि म्हणे, पोट्ट्याले हप्त्यातून एक दिवस सुट्टी देतो का? सलग 24 तास? मी गप्प. 24 तास दुकान चालवायची परवानगी ज्या कागदात आहे त्यातच ही अट पण आहे, आणि मी तीन वर्षांत त्याला दिवाळीशिवाय सुट्टी दिलेली नाही. आता मंगळवारी देतो.

त्यांनीच पोलिसांच्या डीसीपी साहेबांच्या नावानं तक्रारीचा अर्ज टाइप करून दिला, तारखा-वार टाकून, शिवीगाळ न करता (मी सांगितलेली अर्धी वाक्यं त्यांनी काढून टाकली), आणि सांगितलं दोन कॉपी ने, एकीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नको. अँटी करप्शनचा 1064 नंबर पण लॅमिनेशनमधे खाली टाकू का विचारत होते, ते मी नाही म्हटलं, आपल्याला रोज तिथंच धंदा करायचा आहे बाप्पा.

फरक पडला का? दांडा बंद झाला. त्या दोघांनी पूर्ण वाचलं, फोटो काढला आणि काही न बोलता गेले. आता समोर रोडवर ठेवलेल्या बाकड्यांवरून बोलतात, आणि ते त्यांचं खरं आहे, जीआर दुकानाच्या आतला आहे, रस्ता काही माझा नाही. बाकडे आत घेतले, चार गिऱ्हाईकं कमी बसतात. फुकट ऑम्लेट मात्र चालूच आहे, त्याचा जीआर निघायचा आहे.

आता लॅमिनेशनचं. जाड आहे, एका कोपऱ्यात बुडबुडा राहिला, तव्याजवळ लावलं तरी तीन महिन्यांत पिवळं नाही पडलं, ओल्या फडक्यानं पुसलं की तेल निघते. जीआर, अर्ज, लॅमिनेशन सगळं मिळून 180 रुपये. गाडी लावायला जागा नाही, अधिवेशनाच्या दिवसात तर त्या भागात जाऊच नका. दुपारी 2 ते 3 जेवायला बंद. मागच्या हप्त्यात बीटवर नवीन हवालदार आले, त्यांनी भिंतीवर पाहिलं, वाचलं, आणि विचारलं हे कुठून केलं, पोरीच्या मार्कशीटची कलर झेरॉक्स लॅमिनेट करायची आहे. पत्ता दिला. चहाचे पैसे त्यांनी दिले.