भाच्याचं खातं, दुसऱ्याचा पैसा

घरात अकरावी-बारावीचं मूल असेल आणि त्याच्या नावावर बँकेत खातं असेल, तर हे वाचाच. माझ्या भाच्याचं खातं एका टोळीने वापरलं. त्यात मेस आणि क्लासचे पैसे अडकले, आणि वर पोलिसांची नोटीस आली.

भाचा सातारा जिल्ह्यातला, बारावी सायन्सला. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिका लावली आहे. तिथे शेजारच्या टेबलावर एक 'दादा' बसायचा. स्पर्धा परीक्षेची तयारी करतो म्हणायचा. अगोदर बरेच दिवस नुसता चहा-पोहे. बिल कायम त्याचं. मग एकदा सहज विषय काढला: ऑनलाइन गेमिंगच्या कंपनीचं काम आहे, कंपनीच्या खात्यांची लिमिट संपते, म्हणून मुलांची खाती महिनाभर भाड्याने घेतो. खात्यामागे पाच हजार. तुला काहीच करायचं नाही.

भाच्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि पिन दिला. शिवाय दादाने त्याच्याच आधारवर नवं सिम घ्यायला लावलं आणि बँकेत जाऊन तो नंबर खात्याला जोडायला लावला. सिमही स्वतःकडे ठेवलं. या सगळ्याला ते लोक 'किट' म्हणतात. त्यातली खरी मेख सिमची: त्या दिवसापासून खात्यात काय येतं, काय जातं, याचा एकही मेसेज मुलाकडे येत नव्हता. दोन हजार हातावर ठेवले. उरलेले तीन कधीच आले नाहीत.

हा पैसा गेमिंगचा नसतो. कुठल्या तरी शहरात एखाद्या निवृत्त माणसाला पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट'ची, म्हणजे खोट्या अटकेची, भीती घालतात, किंवा कुणाला खोट्या ट्रेडिंग ॲपवर फुगलेला नफा दाखवतात. तो माणूस पैसे पाठवतो ते अशा एखाद्या पोराच्या खात्यात. काही मिनिटांत त्याचे तुकडे होऊन पुढच्या खात्यांत जातात आणि एटीएममधून निघतात. फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, तेव्हा पैसा जिथून जिथून गेला ती खाती बँका रोखून धरतात. टोळीचं नाव त्यात कुठेच नसतं. आधार आणि पॅन मुलाचं असतं.

आम्हाला कळलं ते भावजींमुळे. त्यांनी गावाकडच्या शाखेतून नेहमीसारखे त्याच खात्यात पैसे भरले. मुलाने दादाकडे कार्ड मागितलं, तर फोन बंद. मग तो बँकेत गेला. शिल्लक दिसत होती, पण काढता येत नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, "सायबरची तक्रार आहे, परराज्यातली. आमच्या हातात काही नाही." तरीही तो गप्प राहिला. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस आधारवरच्या पत्त्यावर, म्हणजे गावी, येऊन पडली. ताईचा फोन आला, "अरे, पोलिसांचं पत्र आलंय, सगळं इंग्रजीत. काय केलंय रे ह्यानं?"

लगेच टेलिग्रामवर दुसरा एक 'सर' उगवलाच: दहा हजार द्या, खातं मोकळं करून देतो. हीसुद्धा फसवणूकच. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव घ्यायचं, वकिलाला सोबत घेऊन लेखी उत्तर द्यायचं आणि चॅट अजिबात डिलीट करायचे नाहीत. आमच्या बाजूने जे थोडंफार उभं राहतंय, ते त्या चॅटवरच. खातं अजून गोठलेलंच आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पोरगा ढ नाही. दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे. जीएसटी, शेअरची दर्शनी किंमत, दलाली, म्युच्युअल फंड, सगळं आहे, आणि या पठ्ठ्याला ते तोंडपाठ होतं. नववीला आयकरही झाला होता. ही पुस्तकं काढणारी बालभारती इथेच, सेनापती बापट रस्त्यावर. पण त्या गणितांत पैसा नेहमी सरळ माणसांच्या हातात असतो. समोरचा लबाड असेल तर काय, हे त्यात येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षांपुढचं मूल बचत खातं स्वतः चालवू शकतं. किती रकमेपर्यंत, ते बँक ठरवते. म्हणजे खातं पाचवीत मिळू शकतं आणि शेअरची दलाली दहावीत शिकायची. पैशांच्या फसवणुकीपासून कसं वाचायचं, हा विषय आठवीपासून सक्तीचा करा, गुणांसकट करा. गुण नसले की त्या तासाला काय होतं, ते आपण सगळे शाळेत जाऊन आलोय. शिक्षकांवर आधीच बोजा आहे हे मान्य, पण मग बँकेतली माणसं बोलवा, सायबरचे पोलीस बोलवा.

ओळखीच्या एका शाळेत बोलून बघितलं. वेळापत्रकात जागा नव्हती, एक शनिवार मिळाला. नववी-दहावीच्या मुलांना मी नाव न घेता हीच हकिगत सांगितली. सुटल्यावर एक मुलगा मागे थांबला आणि म्हणाला, "काका, माझ्या मोठ्या भावाने असं दिलंय. आता काय करायचं?"

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. पोलिसांची वाट बघू नका. आजच बँकेत जाऊन कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला लावा, खात्याला जोडलेला नंबर बदलून घ्या, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. सिम नावावर आहे, म्हणून कंपनीच्या दुकानात जाऊन तेही बंद करा. मग घरच्या मोठ्या माणसाला घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि किट कुणी नेलं ते लेखी द्या. दादाला मात्र आधी फोन करू नका.