हेपा-कार्बन प्युरिफायर: काजळी अडवतो, वायूंचं काय?

नवी मुंबईत वाशी-तुर्भ्याकडे मार्केट यार्डात जाणारे ट्रक रात्रभर चालू असतात. खिडकीच्या जाळीवरचा काळा थर म्हणजे नुसती धूळ नाही, त्यात डिझेलची काजळी असते. त्यावर उपाय म्हणून एच-१३ श्रेणीचा हेपा (अतिबारीक कण अडवणारा फिल्टर), कार्बन (वायू आणि वास शोषणारा थर) आणि आयोनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारा भाग) असं त्रिकूट असलेलं, ताशी २५० घनमीटर हवा साफ करणारं मशीन घेतलं जातं. १२ बाय १० ची, साडेनऊ फूट उंच खोली म्हणजे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरवायला १६० पुरतात, म्हणजे मधल्या वेगावर भागतं आणि झोपमोड होत नाही.

काजळी अडवण्यात तक्रारीला जागा नाही. सगळ्यात निसटत्या आकाराचे कणही एच-१३ ९९.९५ टक्के धरतो. मशीनवर दिसणारा प्रदूषणाचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. सेन्सर लेझरचा प्रकाश किती विखुरतो ते मोजतो. ताजी काजळी बहुतेक ०.३ मायक्रॉनहून बारीक, शिवाय ती प्रकाश गिळते, त्यामुळे आकडा कमी दिसतो. पावसाळ्यात कण दमटपणाने फुगतात आणि तोच आकडा उगाच चढतो.

खरी गोम पुढे आहे. फिल्टरमध्ये अडकलेली काजळी निवांत बसत नाही. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड ताज्या काजळीवरून गेला की दमट हवेत त्याचा काही भाग नायट्रस आम्ल होतो. ते वायुरूप, म्हणून हेपाला दाद देत नाही. काजळीवरच्या क्रियाशील जागा संपल्या की ही क्रिया मंदावते, पण इथे रोज रात्री नवा थर बसतो! म्हणून कार्बन हेपाच्या पुढे, म्हणजे हवा बाहेर पडते त्या बाजूला हवा. कार्बनही दाणेदार आणि वजनदार पाहिजे. फिल्टर हलवला की दाणे खळखळले पाहिजेत. फोमवर नुसती काळी फवारणी असेल तर ती शोभेची. चांगला कार्बनसुद्धा नायट्रोजन डायऑक्साइड पुरता धरत नाही, थोडा नायट्रिक ऑक्साइड करून सोडतो. पावसाळ्यात छिद्रांत पाणी शिरतं आणि वास धरणंही कमी होतं.

आयोनायझर मात्र नकोच. त्यातून थोडा ओझोन निघतो. तो काजळीवरच्या बेंझोपायरीनसारख्या कर्करोगकारक पदार्थांचं ऑक्सिडीकरण करतो. तयार होणारे काही पदार्थ मूळच्याइतकेच त्रासदायक असतात. जुन्या, भरलेल्या फिल्टरवर ओझोन गेला की आंबूस वासही येऊ शकतो.

मशीनची बाहेरची जाळी दर पंधरवड्याला व्हॅक्यूम करा. धुतलीत तर पूर्ण वाळल्यावरच बसवा. हेपा धुऊ नका, बऱ्याच घरगुती फिल्टरच्या तंतूंवरचा विद्युतभार जातो आणि पकड ढिली होते. हायवेलगतच्या घरात कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आधीच तो बदलावा लागतो. आयोनायझर वेगळा बंद करता येत नसेल, तर ते मॉडेल स्वस्तात मिळालं तरी सोडून द्या.