पीपीओ की एचडीएचपी? टिचकी मारण्याआधी थोडा हिशेब

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतल्या कंपन्यांची ‘ओपन एनरोलमेंट’ची, म्हणजे पुढच्या वर्षाची आरोग्य विमा योजना निवडण्याची, ईमेल येऊन पडते आणि एडिसनपासून सनीव्हेलपर्यंतच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच प्रश्न फिरायला लागतो: पीपीओ घ्यायची (प्रीमियम जास्त) की एचडीएचपी (प्रीमियम कमी, पण सुरुवातीचा खर्च आपला)? उत्तरंही ठरलेली. ‘आम्ही धडधाकट आहोत, एचडीएचपी’ किंवा ‘मुलं लहान आहेत, पीपीओच बरी’. हिशेब कुणीच केलेला नसतो. माझं मत आधीच सांगते: डिडक्टिबलचा, म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायच्या रकमेचा, आकडा बघून घाबरलेली कितीतरी घरं पीपीओच्या प्रीमियमवर दरवर्षी जास्तीचे पैसे घालवतात.

पीपीओत पगारातून प्रीमियम जास्त कापला जातो, पण डॉक्टरकडे गेलं की बहुतेक वेळा ठरलेला कोपे, म्हणजे दर भेटीची ठराविक रक्कम, देऊन सुटका. एचडीएचपीत प्रीमियम कमी, मात्र डिडक्टिबल संपेपर्यंत जवळपास सगळं खिशातून, विमा कंपनीने डॉक्टरशी ठरवलेल्या दराने. २०२६ साठी हे डिडक्टिबल नियमानेच एकट्याला किमान १,७०० आणि कुटुंबाला किमान ३,४०० डॉलर आहे. बदल्यात एचएसए, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीचं बचत खातं, मिळतं. त्यात २०२६ मध्ये कुटुंबाला ८,७५० डॉलरपर्यंत करमुक्त टाकता येतात, उरलेले वर्षअखेरीस बुडत नाहीत आणि नोकरी बदलली तरी खातं तुमचंच राहतं.

आता हिशेब. आकडे मी नमुन्यादाखल घेतलेत, तुमच्या कंपनीचे घालून बघा. पीपीओ: महिना ४५० डॉलर प्रीमियम, डिडक्टिबल १,०००, पुढे २० टक्के आपले, आपल्या खिशातल्या खर्चाची वर्षाची कमाल मर्यादा (प्रीमियम सोडून) ६,०००. एचडीएचपी: महिना २५०, डिडक्टिबल ४,०००, पुढे तेच २० टक्के, मर्यादा ८,०००, आणि कंपनी एचएसएत १,००० टाकते. कुणी आजारीच पडलं नाही तर पीपीओचे ५,४००, एचडीएचपीचे २,००० (प्रीमियमचे ३,००० वजा कंपनीचे १,०००). सहा हजारांची बिलं झाली तर ७,४०० आणि ६,४००. अगदी वाईट वर्ष, म्हणजे दोन्हीकडे मर्यादा गाठली, तरी ११,४०० आणि १०,०००. तिन्ही वेळा एचडीएचपीच स्वस्त! हे नेहमी असं होत नाही. प्रीमियममधला फरक महिन्याला पन्नास डॉलरच असेल आणि कंपनी एचएसएत दमडी टाकत नसेल, तर पारडं फिरतं. म्हणून नुसत्या डिडक्टिबलकडे बघू नका. प्रीमियममधली बचत आणि कंपनीची भर एकत्र करून त्याच्याशी ताडून बघा.

एचडीएचपीची खरी मेख वर्षाच्या बेरजेत नसते, ती जानेवारीत असते. १ जानेवारीला डिडक्टिबलचं मीटर शून्यावर येतं, एचएसएत अजून फार काही जमलेलं नसतं, आणि नेमका तेव्हा एमआरआय निघाला की पूर्ण रक्कम आपल्यावर. नव्याने आलेल्या, हातात शिल्लक नसलेल्या जोडप्याला हिशेब कितीही पटला तरी हा झटका झेपत नाही. त्यांनी पहिलं वर्ष पीपीओत काढावं. आणखी एक बघा: काही एचडीएचपीत कुटुंबाचं अख्खं डिडक्टिबल भरल्याशिवाय एकाही सदस्यासाठी विमा कंपनी पैसे देत नाही. योजनेच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही.

डॉक्टरच्या खोलीत हा फरक कसा दिसतो ते बघा. वार्षिक तपासणी दोन्ही योजनांत इन-नेटवर्क (विमा कंपनीशी करार असलेल्या) डॉक्टरकडे फुकट. जाता जाता तुम्ही म्हणता, ‘डॉक्टर, जिना चढताना गुडघा दुखतो.’ डॉक्टर गुडघा वाकवून बघतात, दोन प्रश्न विचारतात. बिलावर तपासणीच्या कोडखाली (कोड म्हणजे सेवेचा बिलातला क्रमांक) ९९२१३ असा आणखी एक कोड लागू शकतो: वेगळी, समस्येसाठीची भेट. पीपीओवाल्याला साधारण एक कोपे पडतो. एचडीएचपीवाल्याला त्या कोडची करारातली पूर्ण रक्कम. माणूस फुकट म्हणून गेला आणि बिल घेऊन आला, मग चिडणारच. गुडघ्याबद्दल गप्प बसा असं मी म्हणणार नाही, पण ‘याचं वेगळं बिल होईल का?’ हे तिथेच विचारायला हरकत नाही.

कागदपत्रांच्या छळात मात्र दोन्ही योजना सारख्याच. आधी ‘हे बिल नाही’ असं छापलेलं ईओबी (विमा कंपनीने पाठवलेला खर्चाचा तपशील) येतं, मग हॉस्पिटलचं बिल, मग रेडिओलॉजिस्टचं वेगळं. ईओबी आल्याशिवाय आणि दोन्हीकडचा ‘तुमचा वाटा’ जुळल्याशिवाय पैसे भरू नका. आकडा फुगलेला वाटला तर कोडनिहाय सविस्तर बिल मागा. क्लेम नाकारला तर अपील करायला १८० दिवस असतात, आणि वैद्यकीय कारणाने नाकारला असेल तर पुढे बाहेरच्या तटस्थ परीक्षकाकडेही जाता येतं. नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचा निघाला, तर २०२२ पासून कायद्याने तो तुमच्याकडून वरचे पैसे उकळू शकत नाही. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र या संघीय कायद्यातून सुटलेली आहे.

कागदांचाच तिटकारा असेल तर एचएमओचा, म्हणजे ठरलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांपुरत्या योजनेचा, विचार करा. कॅलिफोर्नियात कायझरसारख्या ठिकाणी विमा, डॉक्टर, हॉस्पिटल एकाच छताखाली असल्याने टपाल कमी येतं. पण तातडीची वेळ सोडली तर बाहेरच्या डॉक्टरकडे परवानगीशिवाय जाता येत नाही.

एचडीएचपीकडे कल झाला असेल तर आपल्या लोकांना अडणाऱ्या काही गोष्टी. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं एचएसएची करसवलत मानत नाहीत, म्हणजे वाचतो तो संघीय करच. नवरा किंवा बायकोने आपल्या कंपनीत साधं हेल्थ एफएसए (कंपनीमार्फतचं वैद्यकीय खर्चाचं करमुक्त खातं) घेतलं असेल तर सहसा तुम्हाला एचएसएत पैसे टाकता येत नाहीत. दोघांनी फॉर्म एकत्र बसून भरावेत. आणि सुट्टीत पुण्याला जाऊन दाताचं रूट कॅनाल केलंत, तर तो खर्चही एचएसएतून करमुक्त चालतो. पावती तेवढी नीट, तारीख आणि उपचाराच्या नावासकट मागून घ्या.