साडेसहाशेचा पेन्सिल सेट, बॅलेवाल्या पोरी आणि मामाजींचा ओळंबा

दिवाळीच्या शिलाईचे पैसे आले त्यातून हा सेट ऑनलाइन मागवला. टिनच्या डब्यात बारा पेन्सिली, २एचपासून ८बीपर्यंत, सोबत एक कणकेसारखं मऊ रबर आणि एक शार्पनर, किंमत साडेसहाशे. सहा-सात महिने वापरून झाला म्हणून आता लिहितेय, कारण तिथे खाली जे रिव्ह्यू होते ते सगळे "पॅकिंग छान, मुलगा खूश" असलेच, त्यातून घेणाऱ्याला काय कळणार. कंपनीचं नाव देत नाही, तसंही हाच डबा हेच फोटो लावून तीन नावांनी विकायला आहे.

मी गावात ब्लाउज-ड्रेस शिवते, यवतमाळ जिल्ह्यात. शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या होत्या, त्यानंतर वीस वर्षं चित्र म्हणजे मागच्या गळ्याचं डिझाइन, तेवढंच. मग एकदा एका पोरीच्या गॅदरिंगसाठी नेटचा फ्रॉक फुलवायचा कसा ते मोबाइलवर शोधत होते आणि बॅले नावाचा परदेशी नाच लागला. नेटचे दहा-बारा थर, आणि घागरा खाली पडायचं सोडून कमरेला ताट लावल्यासारखा आडवा उभा! मशीन बंद करून बघत बसले.

आपल्याकडे दंडार घ्या, लावणी घ्या, पाय जमिनीवर दणकून पडला पाहिजे तरच मजा. या पोरी मात्र मे महिन्यात दुपारी अनवाणी अंगणात निघाल्यासारख्या, जमिनीला जेवढं कमी टेकता येईल तेवढंच टेकतात, चवड्यावर पण नाही, थेट बोटांच्या टोकावर. मला वाटायचं बुटात लाकूड असेल, पण तसं नाही, कापड आणि खळ यांचे थर चिकटवून वाळवून पुढचं टोक कडक केलेलं असतं, वरून सॅटिन, आणि रिबिनी तर त्या स्वतःच्या हाताने शिवतात. हे कळल्यावर त्या मला आपल्यातल्याच वाटायला लागल्या, आणि मी त्यांचीच चित्रं काढायला घेतली.

आता पेन्सिलींचं. एच म्हणजे कडक, शिशात माती जास्त. बी म्हणजे मऊ आणि काळी, ग्रॅफाइट जास्त. बारातल्या मला खऱ्या लागतात चारच, २एच, एचबी, २बी आणि ४बी. २एच ने आधी नुसता सांगाडा काढायचा, पाठीचा कणा, खांद्याची रेघ, कमरेची रेघ, हात हलका ठेवायचा नाहीतर कागदात चर पडतो आणि मग तो चर खोडता येत नाही. सेटमधली २एच खरंच चांगली आहे, टोक बराच वेळ टिकतं. २बी पण झकास, पायाच्या पोटरीची जी एक लांब रेघ असते ना, सुरुवातीला बारीक, मधे जाड, घोट्याशी परत बारीक, ती एका दमात निघते.

घागरा मात्र रेघांनी काढायला जाऊ नका, मी पहिले पंधरा कागद त्यातच घालवले, नेटच्या जागी दरवेळी झाडू दिसायचा. ४बी आडवी धरून सगळा घेर राखाडी करायचा, कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यायचा (कापूस घरचाच, भाव नव्हता तेव्हा निदान हा उपयोग झाला), आणि मग त्या मऊ रबराला चिमटीत टोक काढून उजेड उचलायचा. रबराने खोडायचं नाही, दाबायचं आणि उचलायचं. थरावर थर दिसायला लागतात. डब्यातलं हे रबर एकटंच दोनशेच्या लायकीचं आहे.

तक्रारी पण आहेत. ६बी आतून तुटलेली निघाली, छिललं की शिसं गळून पडतं, अर्धी पेन्सिल अशीच गेली. रिटर्न टाकलं तर म्हणे तुमच्या पिनकोडला पिकअप नाही, आणायला सुद्धा एसटीने तालुक्याला जावं लागलं होतं. शार्पनर बेकार, मी ब्लेडने छिलते. ८बी घट्ट बांधलेल्या अंबाड्याला छान, पण स्टेजमागचा अंधार करायला घेतली तर अंधारच चमकतो, त्याला कोळशाची पेन्सिल वेगळी घ्यावी लागेल. आणि कूलरसमोर बसू नका, त्या ओल्या हवेने कार्ट्रिज पेपर लोळागोळा होतो, मग पेन्सिल कितीही भारी असो. मी पहाटे काढते.

मामाजी म्हणजे माझे सासरे, आयुष्य गवंडीकामात गेलं. एक पाय गुडघ्याशी दुमडून दुसऱ्याच्या टोकावर उभी पोरगी मी दोन दिवस खपून काढली, शेडिंग-बिडिंग सगळं, तर चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, हे पोरगी पडून राह्यली न." मी म्हटलं मामाजी तो डान्स आहे. ते उठले, थैलीतून ओळंबा आणला आणि कागद भिंतीला लावून वरून दोरी सोडली. गळ्याच्या खळगीतून दोरी खाली आली ती उभ्या पायाच्या टोकापासून दोन बोटं बाहेर. पडतच होती बिचारी! मग विचारलं, मागे पाय उंच नेतात तेव्हा तर दोरी जुळत नाही. तर म्हणे, "तो छज्जा झाला, छज्जाले मागून वजन पायजे." म्हणजे पाय जेवढा मागे तेवढं अंग पुढे. तेव्हापासून कागदावर पहिली रेघ ओळंब्याची, मग पोरगी.

या नादात देगा नावाचा चित्रकार सापडला, पॅरिसचा, १८३४ ते १९१७. त्याचं मला काय आवडलं तर तो स्टेजवरच्या टाळ्यांपेक्षा प्रॅक्टिसच्या खोलीतल्या पोरी जास्त काढतो. कोणी बुटाची नाडी बांधतेय, कोणी जांभई देतेय, कोणी पाठ खाजवतेय. वेचणीला गेलेल्या बायका दुपारी बांधावर बसतात ना, एक पाय लांब करून, मान मोडत, अगदी तशा. त्याने मेणाची एक चौदा वर्षांची नर्तकी केली, १८८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवली, तिला खऱ्या कापडाचा घागरा आणि केसात खरी रिबीन. लोकांनी तेव्हा नावं ठेवली, कुरूप म्हणाले. ती पोरगी म्हणजे मारी व्हान गोएथेम, बाप शिंपी आणि आई कपडे धुणारी. मी तिची हनुवटी वर केलेली मान आतापर्यंत नऊ वेळा काढली, अजून ताठा येतो पण थकवा येत नाही.

तर पाचपैकी साडेतीन, त्यातला एक रबराचा. नवीन शिकणाऱ्याने आख्खा डबा घेऊच नये, अप्सराच्या सुट्या २बी, ४बी घ्या, नटराजची एचबी घ्या, काम भागतं. आणि नावं बघा ना, आपल्याकडच्या पेन्सिली आधीच नाचणाऱ्या!

माझी २बी संपली तेव्हा तेच केलं. तालुक्याच्या स्टेशनरीवाल्याकडे २बी ग्रेड परीक्षेच्या दिवसातच असते, त्याने मागच्या फळीवरून धूळ झटकून दोन काढून दिल्या आणि विचारलं, "पोरीची परीक्षा हाय का, ताई?"

मी हो म्हटलं.