आईचा स्टोव्ह पुन्हा पेटला : पाचकंदीलजवळचं दुरुस्तीचं दुकान

धुळ्यात रॉकेलचा पितळी स्टोव्ह दुरुस्त करणारं कुणी उरलंय का, हे विचारत मी तीन आठवडे फिरले. भांड्यांच्या दुकानांत सगळीकडे एकच उत्तर, "ताई, मोडीत द्या, पितळेला भाव चांगला आहे." शेवटी पाचकंदीलजवळच्या एका बोळात, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी, जेमतेम सात-आठ फुटांचं दुकान सापडलं. पाटी नाही. दारावर तारेत ओवलेले जुने बर्नर टांगलेले आहेत, तीच खूण. आत सत्तरी ओलांडलेले चाचा बसतात. आता ते मुख्यतः गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्त करतात. पण मी पिशवीतून स्टोव्ह काढला तसा त्यांनी हातातला कुकर बाजूला ठेवला.

हा स्टोव्ह आईनं 1964 साली घेतला. वडील एसटीत कंडक्टर, पहिल्या गाडीची ड्यूटी असली की पहाटे चारला घर सोडायचे. त्यांना चहा आणि डब्यात भाकरी द्यायची तर आई तीनला उठून चूल पेटवायची. पावसाळ्यात कपाशीच्या काड्या ओल्या, गोवऱ्या दमट. फुंकणीनं फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झालेले मला आठवतात, मी सहा वर्षांची होते. गल्लीतल्या दहा बायकांची महिना पाच रुपयांची भिशी होती. आईचा नंबर लागला तेव्हा पन्नास रुपये हातात आले आणि ती मामाला घेऊन बाजारात गेली. सोनं नाही, लुगडं नाही, स्टोव्ह घेऊन आली. आजीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, पहिले पंधरा दिवस त्या कोपऱ्याकडे पाठ केली होती. म्हणायची, "माले भ्याव वाटस."

स्टोव्हमुळे आईला पहाटेचा एक तास झोप मिळाली, एवढंच मी आधी समजत होते. मोठी झाल्यावर, स्वतःचा संसार करताना कळलं की गोष्ट त्याहून मोठी होती. चूल मनात आलं की विझवता येत नाही. एकदा पेटली की आर फुकट जाऊ नये म्हणून भाकरीनंतर वरण, वरणानंतर अंघोळीचं पाणी, मग दूध, असं बाईला तिथेच बसून राहावं लागतं. स्टोव्हची चावी सैल केली की हवा फुस्सकन जाते आणि आग संपते. आईच्या हातात पहिल्यांदाच अशी आग आली, जी ती म्हणेल तेव्हा थांबत होती. रात्री दोनला धाकट्याला ताप आला तर पाच मिनिटांत पाणी गरम. दुपारी कुणी आलं तर चहा. सुटलेल्या वेळात ती आमच्या पाट्यांवर आमच्याबरोबर अक्षरं गिरवायची. पुढे रेशनकार्डावर तिनं अंगठा न लावता सही केली.

सगळंच स्टोव्हवर जमत नव्हतं, हेही सांगते. भाकरी तव्यावर भाजायची, पण निखाऱ्यावर ठेवून फुगवायची सोय नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी तर चुलीचीच. भरताची वांगी एकदा आईनं स्टोव्हवर भाजली, तर भरताला रॉकेलचा वास. वडिलांनी मुकाट्यानं खाल्लं, पण हिवाळाभर वांगी पुन्हा अंगणात काड्यांवरच भाजली गेली. घरात चूल आणि स्टोव्ह दोन्ही वीसेक वर्षं शेजारी शेजारी नांदले. गॅस आमच्याकडे 1986 साली आला, नंबर लावून सात वर्षांनी. मुंबईत बर्मा-शेलचा गॅस 1955 सालीच मिळू लागला होता. मधल्या तीस वर्षांत आमच्यासारख्या घरांत जे शिजलं, त्यातलं निम्मं या भर्रर्र आवाजावर शिजलं.

आता दुरुस्तीविषयी. चाचांनी आधी टाकी कानाशी धरून हलवली, मग पंपाचा दांडा ओढला. "वायसर सुकला, बाकी चीज पक्की आहे," म्हणाले. चामड्याचा वायसर नुसता बदलला असता तरी चाललं असतं. त्यांनी जुना बाहेर काढून खोबरेल तेलात बुडवला, बोटांनी मळून मऊ केला, आणि तो पुरत नाही अशी खात्री झाल्यावरच नवा कापला. पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून साफ केला. बर्नर भट्टीत लाल करून पाण्यात टाकला, तशी आतली काजळी पापुद्र्यांनी सुटली. निपलचं भोक वाढलं होतं, ते नवं बसवलं. हे करताना बर्नर चालतो कसा तेही समजावलं : आधी काकड्यानं कटोरी तापवायची, मग तापलेल्या नळ्यांतून चढणाऱ्या रॉकेलची वाफ होते, ती निपलातून जोरानं बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळी जळते. नळ्या गार असल्या तर वाफेऐवजी रॉकेलच वर येतं आणि भडका होतो. ही युक्ती 1892 सालची, स्वीडनच्या लिंडक्विस्टची. त्याच्या स्टोव्हचं नाव प्रायमस. आमचे वडील कुठल्याही स्टोव्हला प्रायमसच म्हणायचे.

भडका म्हटल्यावर चाचा गप्प झाले. मीही. आमच्या पिढीच्या बायकांना तो शब्द साधा वाटत नाही. 1970 नंतर नायलॉनच्या साड्या घरोघरी आल्या. सुती लुगडं पेटलं तर झटकून, गुंडाळून विझवता तरी यायचं, नायलॉन वितळून अंगाला चिकटायचं. आई स्टोव्ह पेटवताना पदर कमरेला खोचायची आणि नायलॉनची साडी असेल तर आधी बदलायची. पण सगळे भडके अपघाताचे नव्हते. "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू" ही बातमी तेव्हा पेपरात इतक्या वेळा यायची की लेक सासरी पाठवताना आया विचारायच्या, स्वयंपाक कशावर करतात? आमच्याच गल्लीतली एक एकवीस वर्षांची सून तशीच गेली. घरात चार माणसं होती, भाजली ती एकटीच. कायद्यात सासरच्या छळाविरुद्धचं 498-क कलम 1983 साली आलं, हुंडाबळीचं 304-ख 1986 साली. लग्नापासून सात वर्षांच्या आतला संशयास्पद मृत्यू आणि त्याआधी हुंड्यासाठी झालेला छळ हे त्या कलमात एकत्र आले, तेव्हा स्टोव्हवर ढकलून मोकळं होणं थोडं अवघड झालं. गल्लीतल्या त्या सुनेसाठी उशीर झाला होता. आईच्या स्टोव्हबद्दल मी प्रेमानं लिहिते आहे, पण तिला वगळून लिहिणं मला जमणार नाही.

चाचांचं दुकान मला सगळ्यात जास्त का आवडलं, ते सांगते. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर वडिलांचं नाव आणि तारीख ठिपक्यांनी घातलेली आहे. फक्त या स्टोव्हच्या टाकीवर आईचं माहेरचं नाव आहे. लग्नात तिचं नाव बदललं होतं. पण नाव घालणाऱ्यानं विचारलं तेव्हा मामानं तो तिला ज्या नावानं हाक मारायचा तेच सांगून टाकलं. घरात ते नाव दुसरीकडे कुठेही नाही, कागदावरही नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात मी सासूबाईंचा तांब्याचा बंब पॉलिशला दिला होता. त्या दुकानदारानं मशीन लावून तो आरशासारखा केला आणि त्यावरचं नाव पार पुसून टाकलं. ती चूक मी अजून स्वतःला माफ केलेली नाही. म्हणून इथे देताना मी दहा वेळा बजावलं. चाचांनी चष्मा चढवला, टाकीवरची अक्षरं बोटानं चाचपली आणि म्हणाले, "इथं मशीन नाही लावायची. चिंच लावू." टाकी त्यांनी चिंच आणि राखेनं हातानं घासली. नावाच्या ठिपक्यांमध्ये अजूनही थोडी काळी रेघ आहे, तेवढ्यानंच ते नाव लांबूनही वाचता येतं.

तक्रार एकच. दोन दिवस सांगून नऊ दिवस लागले, आणि चाचा फोन वापरत नाहीत, म्हणून चार खेपा झाल्या. घेतले साडेतीनशे रुपये, निपल आणि वायसर धरून. मला ते कमीच वाटले.

घरी आणून पेटवला त्या दिवशी आई आतल्या खोलीत पलंगावर होती. तिला सत्त्याऐंशी झालीत, दिसतं कमी, पण कान तल्लख. मी काकडा लावला, पंप मारला, ज्योत धरली. आवाज थोडा फुरफुरत होता. आतून आवाज आला, "पिन मार वं, लाल जळी राहिनं." निपलचं भोक साफ करायची पिन मारली. ज्योत निळी झाली. त्यावर तिच्यासाठी अर्धा कप चहा केला आणि चावी सैल केली.

जाणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून न्या, उरलेलं रॉकेल चाचा ठेवून घेत नाहीत. निपल त्यांच्याकडे मोजकेच उरलेत, जुनं हरवू नका. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. पॉलिश हवं असेल तर हातानं करा असं आधीच सांगा, आणि भांड्यावर कुणाचं नाव असेल तर ते त्यांना दाखवूनच द्या.