आमच्या टाऊनहोम कम्युनिटीची स्नो काढायची सर्व्हिस: पाचपैकी साडेतीन स्टार

सेंट्रल जर्सीत टाऊनहोम बघायला निघालेल्या आपल्या लोकांचा ठरलेला प्रश्न म्हणजे "एचओए किती आणि स्नो त्यात येतो ना?" (एचओए म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनची महिन्याची फी.) एजंट हो म्हणतो, आपण खूश, चला आता शॉवेल घ्यायची गरज नाही. पण येतो म्हणजे नक्की काय येतं, किती वाजता येतं आणि काय येत नाही हे कोणी सांगत बसत नाही, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. कंत्राटदाराचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दर दोन-तीन वर्षांनी माणसं बदलतात, ट्रकवरचा रंग बदलतो आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या तक्रारी मात्र शब्दशः त्याच राहतात. त्यामुळे खरा रिव्ह्यू कॉन्ट्रॅक्टचा आहे असं समजा.

आमची कम्युनिटी मिडलसेक्स काउंटीत, आतले सगळे रस्ते प्रायव्हेट. म्हणजे टाऊनशिपचा प्लाउ (स्नो लोटणारा ट्रक) बाहेरच्या मेन रोडवरून धडधडत जातो आणि आमच्या एन्ट्रन्सला ढुंकूनही बघत नाही. नवीन आलेली मंडळी दर वर्षी विचारतात की आपण प्रॉपर्टी टॅक्स भरतो मग हे का, तर त्याचं उत्तर असं की न्यू जर्सीत म्युनिसिपल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट आहे, त्याप्रमाणे टाऊनने अशा कम्युनिटीच्या आतल्या रस्त्यांवरचा स्नो एकतर स्वतः काढायचा नाहीतर त्याचे पैसे असोसिएशनला द्यायचे. आमचं टाऊन पैसे देतं, तेही त्यांच्या पब्लिक रस्त्यांच्या खर्चाच्या हिशोबाने आणि फक्त रस्त्यांपुरते. ड्राइववे, दारापर्यंतची पायवाट, गेस्ट पार्किंग, मेलबॉक्सचा कट्टा हे सगळं आपल्या महिन्याच्या मेंटेनन्समधूनच.

आता काम कसं चालतं. नोव्हेंबरच्या शेवटी दोन माणसं येऊन रस्त्याच्या कडेला नारंगी टोकाच्या काठ्या ठोकून जातात, म्हणजे स्नोखाली कर्ब (रस्त्याची कडा) कुठे आहे, हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) कुठे आहे ते प्लाउवाल्याला कळावं. मग वाट बघायची. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ट्रिगर, म्हणजे काम सुरू करायची मर्यादा, दोन इंचाचा आहे. दीड इंच पडला तर फक्त रस्त्यावर सॉल्ट, ड्राइववेला कोणी हात लावत नाही. आणि दोन इंच म्हणजे कुठले दोन इंच यावर आमच्याकडे दर वर्षी महाभारत होतं, कोणी डेकच्या कठड्यावर फूटपट्टी लावून फोटो टाकतो, कोणी गाडीच्या छपरावर, मॅनेजमेंट कंपनी म्हणते आम्ही हवामानाच्या सर्व्हिसचा आकडा धरतो, विषय संपला.

स्नो पडत असताना ट्रक फक्त आतले रस्ते एकेका पट्ट्यात उघडे ठेवतो, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स, फायर ट्रक आत येऊ शकेल इतपत. ड्राइववे आणि पायवाटा स्नो थांबल्यावर. ग्रुपवर सगळ्यात जास्त आरडाओरडा याच गोष्टीचा असतो, की अहो सकाळी सातची ट्रेन आहे, ड्राइववे अजून तसाच, हे लोक झोपलेत का. झोपलेले नसतात, रात्री दोनला तुमच्याच खिडकीखाली रिव्हर्सचा टीं टीं ऐकू येतो ना. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय की पाऊस-स्नो थांबल्यापासून अमुक तासांच्या आत, आणि आमच्याकडे ते आठ तास आहेत. स्नो पहाटे पाचला थांबला तर दुपारी एकपर्यंत त्यांना मुभा. कायदाही थोडा त्यांच्याच बाजूला झुकतो, २०२१ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने कमर्शियल जागांच्या बाबतीत सांगून टाकलं की वादळ चालू असताना बर्फ काढत बसायची जबाबदारी सहसा मालकावर नाही, थांबल्यावर वाजवी वेळात काढा. असोसिएशनचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या मीटिंगला कंत्राटदाराचा माणूस हेच ऐकवतो. उलट बाजूची केस पण आहे, ती आमच्या शेजारच्या प्लेन्सबरोतली, ५५ प्लस (५५ वर्षांवरच्यांच्या) कम्युनिटीत एक बाई आतल्या पायवाटेवर बर्फावरून घसरून पडल्या आणि २०१५ ला कोर्टाने ठरवलं की कम्युनिटीच्या आतल्या प्रायव्हेट पायवाटांना पब्लिक फूटपाथचा सूट देणारा नियम लावता येणार नाही, त्या सुरक्षित ठेवणं हे असोसिएशनचंच काम. तेव्हा बोर्ड हात वर करू शकत नाही. इन्शुरन्स महाग का झाला विचारलं की प्रॉपर्टी मॅनेजर याच विषयावर येतो.

चांगलं काय ते आधी सांगतो. माणसं कामाला वाघ आहेत. प्लाउवाला ट्रक एकच, बाकी सगळं चार-पाच जणांची टोळी हाताने करते, ड्राइववेवर स्नो ब्लोअर आणि पायऱ्यांवर शॉवेल. गेल्या हिवाळ्यात मी खिडकीतून बघत होतो, एक पोरगा गॅरेजच्या दारापाशी फावडं उलटं धरून काठाने बर्फ खरवडत होता, कारण ब्लोअर दाराच्या एकदम जवळ नेला तर रबराची पट्टी फाटते. एवढी काळजी आमच्यातला एकही घरमालक घेत नाही. बायकोने चहा विचारला तर हसून नाही म्हणाला, पुढची गल्ली बाकी आहे म्हणे. कोरडा भुसभुशीत स्नो असेल तर ही मंडळी एक नंबर. ओला जड स्नो पडला की वेग निम्म्यावर येतो आणि ते साहजिक आहे, भिजलेल्या गादीसारखा एकेक फावडा उचलावा लागतो.

आता तो दीड स्टार.

पहिलं म्हणजे ड्राइववेच्या तोंडाशी होणारी भिंत. तुमचा ड्राइववे स्वच्छ करून टोळी पुढे जाते, मग रस्ता रुंद करायला प्लाउ परत येतो आणि सगळा दाबलेला करडा माल तुमच्या तोंडाशी लोटून निघून जातो. हा साधा स्नो नसतो, गुडघाभर उंच आणि दगडासारखा, संध्याकाळी उन्हं गेली की गोठून सिमेंट. कॉन्ट्रॅक्टमध्ये याच्यासाठी शेवटची फेरी लिहिलेली असते, क्लीन-अप पास म्हणतात, आणि नेमकी तीच फेरी घाईत राहते कारण एव्हाना ट्रक दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. ही तक्रार फोटो आणि वेळ घालून पोर्टलवर टाकली तर माणूस परत येतो, ग्रुपवर रागाचे इमोजी टाकून कोणी येत नाही.

दुसरं म्हणजे सॉल्ट. रस्त्याच्या डांबरावर साधं रॉक सॉल्ट चालतं, स्वस्त आहे, पण तापमान १५-२० फॅरनहाइटच्या खाली गेलं की त्याचा जोर संपतो, कितीही ओता नुसतं किरकिर वाजतं बुटाखाली. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड लागतं, ते शून्य फॅरनहाइटच्या खालीही काम करतं पण महाग. आमच्या पायवाटा काँक्रीटच्या, तिथे कॅल्शियमच टाकायचं असं कॉन्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट आहे, आणि तरी दोन वेळा पायऱ्यांवर करड्या रंगाचे खडे पडलेले दिसले. कॅल्शियमचे दाणे पांढरे, गोल साबुदाण्यासारखे असतात, एकदा बघितलं की ओळखता येतं. मार्चमध्ये ज्या पायऱ्यांचे पापुद्रे निघाले त्यांच्या दुरुस्तीचं बिल परत आपल्याच रिझर्व्ह फंडातून. कुत्री पाळणाऱ्यांचं तर वेगळंच रडगाणं, पण त्यात मी पडत नाही.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात सिरियस, स्नो नाही तर नंतरचा बर्फ. स्नो दिसतो तरी. दुपारी छपरावरचा वितळतो, डाऊनस्पाउटमधून (छपराचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपातून) थेट पायवाटेवर सांडतो आणि रात्री गोठून काचेचा पातळ थर होतो, काळं डांबर किंवा ओलं काँक्रीट आहे असं वाटतं आणि पाय ठेवला की गेलात. आमच्या ओळीतल्या जवळजवळ प्रत्येक घराचा पाइप चालायच्या जागेवर उघडतो, बिल्डरने काय विचार केला होता देव जाणे. आणि कॉन्ट्रॅक्टप्रमाणे स्नोचा कार्यक्रम संपला की त्यांचं काम संपलं, नंतरचं आइस ट्रीटमेंट वेगळं, फोन करून बोलवायचं, वेगळे पैसे. बोर्ड पैसे वाचवायला फोन करायला का कू करतो. संक्रांतीच्या आठवड्यात हे हमखास होतं, सगळ्या बायका काठापदराच्या साड्या नेसून, हातात तिळगुळाचा डबा, वाणाच्या पिशव्या आणि खाली बूट घालून एकमेकींचा हात धरून हळदीकुंकवाला चाललेल्या असतात, आणि इंडियातून आलेल्या सासूबाईंना तर दोन जणी दोन बाजूंनी धरून नेतात. त्यामुळे आम्ही ज्यांच्या घरी आईबाबा आलेत त्यांनी दाराशी कॅल्शियमची बादली ठेवलीच आहे, होम डेपोत मिळते, डिसेंबरआधी घ्या, वादळाच्या आदल्या दिवशी शेल्फ रिकामी असतात.

पैशाचं आता थोडं, कारण हे कोणी समजून घेत नाही आणि मग बजेटच्या मीटिंगला भांडतात. कॉन्ट्रॅक्ट साधारण दोन प्रकारचं. एकात सीझनची ठराविक रक्कम, किती का पडेना. दुसऱ्यात दर वादळाला इंचाप्रमाणे, दोन ते चार इंच एक रेट, चार ते सहा दुसरा, असं चढत जातं. ठराविक रकमेत २०२२-२३ सारखा हिवाळा आला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात अख्ख्या सीझनला २.३ इंच, की लोक बोंबलतात एवढे पैसे कशाचे दिले. इंचाप्रमाणे केलं आणि जानेवारी २०१६ सारखं वादळ आलं, तिथेच २७.५ इंच एका झटक्यात, की बोर्डाच्या तोंडचं पाणी पळतं, स्पेशल असेसमेंटची (जादा वर्गणीची) नोटीस सगळ्यांच्या मेलबॉक्सात. शिवाय ठराविक रकमेत कंत्राटदाराला कमी फेऱ्या मारण्यात फायदा आणि इंचाप्रमाणे असेल तर जास्त फेऱ्या मारण्यात, हे उघड आहे. आमच्याकडे मधला मार्ग आहे, अमुक इंचापर्यंत ठराविक आणि वर गेलं तर जास्तीचे, आणि मला तो पटतो. फक्त ढीग ट्रकमध्ये भरून बाहेर नेण्याचा खर्च त्यात नाही. म्हणून गेस्ट पार्किंगचे कोपऱ्यातले तीन स्पॉट दर वर्षी काळ्या डोंगराखाली गायब असतात, मोठं वादळ झालं की पार होळी येईपर्यंत.

थोडा दोष आपल्या लोकांचाही लिहितो, रागावू नका. आदल्या दिवशी ईमेल येते की गाड्या गॅरेजमध्ये घ्या. गॅरेजमध्ये कॉस्टकोचा माल, पोराची सायकल, दिवाळीचे कंदील, गाडीला जागा कुठे. मग गाडी ड्राइववेवर, टोळी तिच्या भोवतीने जेवढं निघेल तेवढं काढते आणि जाते, कॉन्ट्रॅक्टमध्ये तसंच आहे. नंतर हा माणूस गाडीवरचा स्नो आपल्याच काढलेल्या ड्राइववेवर ढकलतो आणि फोटो काढून टाकतो की बघा काय काम करतात. काही जण तर गाडीवरचा तसाच ठेवून निघतात, न्यू जर्सीत त्याला २५ ते ७५ डॉलर दंड आहे आणि बर्फाची लादी उडून मागच्याला लागलं तर हजारापर्यंत जातो.

लॉनचं नुकसान एप्रिलमध्ये कळतं, प्लाउच्या पात्याने गवताची साल सोलल्यासारखी निघालेली असते. ते कंत्राटदाराने बिनपैशाने दुरुस्त करायचं असतं, आमच्याकडे केलं, बरं केलं.

घर घ्यायचा विचार असेल तर वकिलाकडून बायलॉज मागवता तेव्हाच बोर्डाकडे स्नोचं कॉन्ट्रॅक्टही मागा, आणि किती इंचाला सुरू, थांबल्यावर किती तास, पायवाटेवर कुठलं सॉल्ट, आइसचे वेगळे पैसे का, तेवढं वाचा. ब्रोशरमधला स्विमिंग पूल तीन महिने चालतो. आमचं कॉन्ट्रॅक्ट यंदा संपतंय, नवीन कोटेशन्स ऑगस्टमध्ये उघडणार, त्यात आइसच्या फेऱ्या आधीच धरून घ्याव्यात आणि डाऊनस्पाउट वळवायला लॅन्डस्केपिंगमधून पैसे काढावेत असं मी लिहून दिलंय. मीटिंग झूमवर आहे, कॅमेरा बंद ठेवलात तरी चालेल, पण कोरमला माणसं हवीत, तेव्हा आमच्या कम्युनिटीतलं कोणी हे वाचत असेल तर लॉगिन करा.