रेस फॉर द गॅलक्सी अॅप: काही महिने खेळल्यानंतर, आणि मुख्यतः सक्तीच्या कन्झ्यूमबद्दल

रेस फॉर द गॅलक्सी हा ग्रह आणि डेव्हलपमेंट (शोध-सुधारणांचे पत्ते) मांडून गुण मिळवायचा पत्त्यांचा खेळ, किंमत हातातले पत्ते टाकूनच द्यायची. दर फेरीला प्रत्येकजण एक टप्पा निवडतो, म्हणजेच पुकारतो. टप्पे पाच (एक्सप्लोर: पत्ते काढणं, डेव्हलप: डेव्हलपमेंट मांडणं, सेटल: ग्रह मांडणं, कन्झ्यूम: माल खर्च करणं, प्रोड्यूस: माल तयार करणं), हाताची मर्यादा 10 पत्ते, टॅब्लो (समोर मांडलेले पत्ते) 12 चा, एवढं माहीत आहे असं धरून लिहितोय. टॉम लेमन यांचा मूळ खेळ 2007 चा आणि अॅप 2017 चं, त्यामुळे ‘नवीन काय’ छाप परीक्षणाची अपेक्षा ठेवू नका. चिन्हं सुरुवातीला अंगावर येतात, पण आठ-दहा डावांत सरावाची होतात. टॅबलेट असेल तर त्यावर खेळा, लहान फोनवर डोळ्यांना शिक्षा आहे. एवढं सांगितलं की अॅपच्या दिसण्याबद्दल बोलण्यासारखं फार उरत नाही.

पैसे वसूल होतात का? होतात. त्याचं कारण एकच, कॉम्प्युटर खेळाडू. तो नंतर. आधी ज्या नियमाने सगळ्यात जास्त डाव घालवले जातात त्याचा हिशोब करू.

कन्झ्यूम सक्तीचा आहे. कोणीही कन्झ्यूम पुकारला, ट्रेड (आधी एक माल पत्त्यांना विकणं) असो वा दुप्पट (चौकटींचे गुण दुप्पट मिळणं), की तुमच्या पत्त्यांवरच्या कन्झ्यूमच्या चौकटी, म्हणजे माल देऊन मोबदला घ्यायच्या जागा, चालवाव्याच लागतात. ‘माझा माल राहू दे, मी पुढच्या फेरीत विकतो’ असं म्हणायची सोय नाही. नवे खेळाडू याला अॅपमधली चूक समजतात आणि एक तारा देऊन मोकळे होतात. चूक नाही, नियमच तसा आहे.

उदाहरण घ्या. सुरुवातीचा ग्रह अर्थ्स लॉस्ट कॉलनी. त्यावर कोणताही एक माल देऊन 1 गुण घेण्याची चौकट आहे. तुम्ही हिरवा विंडफॉल ग्रह (मांडताच माल मिळतो असा) सेटल केला, त्यावर जीन्सचा माल आला. ट्रेडमध्ये त्याचे 4 पत्ते मिळतात, आणि चार पत्ते म्हणजे पुढचा अख्खा ग्रह. पण सेटल हा तिसरा टप्पा आणि कन्झ्यूम चौथा. त्याच फेरीत समोरच्याने कन्झ्यूम निवडलेला असेल तर आत्ताच आलेला माल त्या चौकटीत जातो आणि हातात येतो एक गुण. पिवळा एलियन माल असेल तर आणखी वाईट, पाच पत्त्यांच्या बदल्यात तोच एक गुण. (निळा नॉव्हेल्टी 2, तपकिरी रेअर 3, हिरवा 4, पिवळा 5. हे चार आकडे तोंडपाठच हवेत.)

यावर उपाय तीन. पहिला: सेटल पुकारण्याआधी समोरच्याच्या ग्रहांवर माल पडला आहे का आणि त्याच्या हातात किती पत्ते आहेत ते बघा. माल आहे आणि हात दोन पत्त्यांवर आलाय, म्हणजे तो बहुतेक ट्रेड पुकारणार. त्या फेरीत महागडा विंडफॉल मांडू नका. दुसरा: स्वस्त माल ढाल म्हणून ठेवा. चौकट एकच असेल आणि तुमच्याकडे निळा-हिरवा दोन्ही माल असेल तर कोणता द्यायचा ते तुम्ही ठरवता. निळा गेला तर गेला, हिरवा वाचतो. तिसरा उपाय लोकांना पटत नाही: विकून जगायचा बेत असेल तोवर नव्या कन्झ्यूम-चौकटी टॅब्लोत आणूच नका. पब्लिक वर्क्स हा एका पत्त्याचा डेव्हलपमेंट सगळे डोळे मिटून मांडतात, कारण प्रत्येक डेव्हलपनंतर एक पत्ता मिळतो. त्याच पत्त्याच्या खालच्या बाजूला कन्झ्यूमची चौकट आहे, तिकडे कोणी बघत नाही.

ट्रेड स्वतः पुकारला तर आधी विक्री होते आणि मग उरलेल्या मालावर चौकटी चालतात. त्यामुळे माल एकच असेल तर तो सुरक्षित विकला जातो. दोन असतील तर महागडा विका, स्वस्त चौकटीत जाऊ द्या.

आता कंजूषपणाचा मुद्दा, कारण हा खेळ मुळात दुसऱ्याच्या खर्चाने खेळायचा आहे. टप्पा कोणीही पुकारो, तो सगळ्यांचा होतो, पुकारणाऱ्याला फक्त थोडं जास्त मिळतं. डेव्हलप पुकारलंत तर एक पत्ता सूट, सेटल पुकारलंत तर मांडल्यावर एक पत्ता. म्हणजे फरक एका पत्त्याचा. समोरचा सेटल करणार हे दिसत असताना तुम्हीही सेटल निवडलात तर त्या एका पत्त्यासाठी अख्खी निवड वाया घालवलीत. त्याला करू द्या, तुम्ही एक्सप्लोर घ्या. ट्रेड आणि दुप्पट कन्झ्यूम मात्र फुकट मिळत नाहीत, ते स्वतःच पुकारावे लागतात.

म्हणून इंटरस्टेलर बँक हा दोन पत्त्यांचा डेव्हलपमेंट मला आवडतो. डेव्हलप टप्पा कोणीही चालवो, सुरुवातीला तुम्हाला एक पत्ता. शेजारी डेव्हलपवाला असेल तर तो तुमचा पगार भरतो.

समोरच्याचा हात वाचायची ढोबळ पद्धत अशी. नुकताच माल विकला आणि हातात सात-आठ पत्ते आहेत: पुढे सेटल किंवा डेव्हलप. हात रिकामा आणि मालही नाही: एक्सप्लोर. तीन ग्रहांवर माल आणि तितक्याच कन्झ्यूम-चौकटी: दुप्पट. त्यानंतर त्याला प्रोड्यूस लागणारच, म्हणून तुम्ही चुकूनही पुकारू नका. त्याची निवड त्यालाच खर्च करू द्या आणि तुमचेही एक-दोन उत्पादक ग्रह त्याच टप्प्यात भरून घ्या. विंडफॉल मात्र आपोआप भरत नाहीत. प्रोड्यूस पुकारल्याचा फायदा म्हणून फक्त एक विंडफॉल भरता येतो. हे विसरून तीन विंडफॉलांचं ‘कारखाना’ धोरण आखणारे बरेच दिसतात.

एक्सप्लोरबद्दल थोडं. त्याचे दोन प्रकार पुकारता येतात: अधिक पाचमध्ये सात पत्ते बघून एक ठेवायचा, अधिक एक-एकमध्ये तीन बघून दोन. सहा किमतीचा ठराविक डेव्हलपमेंट शोधायला लोक अधिक पाच घेतात. मूळ संचाची गड्डी साधारण 110 पत्त्यांची, म्हणजे हवा तो एकच पत्ता सापडण्याची शक्यता शंभरात सहा-सात. गड्डीतल्या बारा सहाच्या डेव्हलपमेंटांपैकी कोणताही चालणार असेल तर गोष्ट वेगळी, ती शक्यता निम्म्याहून जास्त आहे. एकाच पत्त्यावर डाव लावू नका.

मिलिटरीला (पत्ते न देता फौजेच्या ताकदीने ग्रह जिंकणं) पहिले काही आठवडे मी बिनडोक धोरण म्हणत होतो. न्यू स्पार्टा या सुरुवातीच्या ग्रहाचे 2, स्पेस मरीन्सचे 2, ड्रॉप शिप्सचे 3, झाले सात. रिबेल होमवर्ल्ड सात संरक्षणाचा, एकही पत्ता न देता सात गुण. आता मत वेगळं आहे. फौजेचे पत्ते स्वतः फारसे गुण देत नाहीत, आणि लाल वर्तुळाचे (लष्करी) ग्रह हातात आले नाहीत तर सात ताकद घेऊन नुसतं बसायचं. हातात लाल ग्रह किमान दोन असल्याशिवाय ड्रॉप शिप्सवर चार पत्ते घालवू नका. एखादाच लाल ग्रह असेल तर काँटॅक्ट स्पेशालिस्ट घ्या. तो एका पत्त्याचा आहे, मिलिटरी एकने कमी करतो, पण एलियन सोडून बाकी लष्करी ग्रह पत्ते देऊन, तेही एक सूट घेऊन, विकत घेता येतात. आणि समोरचा फौजवाला दर फेरीला सेटल पुकारत असेल तर तुमच्या हातात स्वस्त साधे ग्रह हवेत. तो तुम्हाला रोज फुकट सेटल देतोय.

दोघांच्या प्रगत खेळात प्रत्येकाला दोन निवडी असतात. तिथे सेटल आणि ट्रेड एकत्र घ्या: मांडला, लगेच विकला, कोणाला माल खायची संधीच नाही. पुढे प्रोड्यूस आणि दुप्पट दर फेरीला चालतात. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीतच ते चक्र सुरू करू नका. दोन माल आणि दोन चौकटींवर फेरीला चार गुण मिळतात, तेवढ्यात समोरचा बारा पत्ते मांडून डाव संपवतो.

आता कॉम्प्युटर. ‘हार्ड’ पातळी पत्ते बघून खेळते, अशी तक्रार जागोजागी दिसते. केल्डन जोन्स यांनी लिहिलेली ही न्यूरल नेटवर्कवर चालणारी यंत्रणा स्वतःशीच खेळून शिकलेली आहे, आणि तुम्ही पुढे कोणता टप्पा निवडाल याचा अंदाज बांधते. तुमचा एकच माल आणि हातात एकच पत्ता असेल तर तुम्ही ट्रेड घेणार हे कोणालाही कळेल, त्याला का कळू नये? शिकायचं असेल तर त्याची निवड उघडण्याआधी स्वतः अंदाज बांधा. चुकला तर लगेच त्याचा हात, माल आणि चौकटी मोजा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. खिसा आणखी घट्ट असेल तर जोन्स यांचा संगणकावरचा मूळ प्रोग्राम फुकट आहे. दिसायला रुक्ष, पण मेंदू त्याच घराण्यातला.

विस्तार संचांचे पैसे वेगळे. आधी मी सगळ्यांना ‘घेऊ नका’ सांगत असे. आता सांगतो, द गॅदरिंग स्टॉर्म घ्या, कारण त्यातली उद्दिष्टं (आधी पूर्ण करणाऱ्याला 3, सर्वाधिक असणाऱ्याला 5) एकसुरी धोरणं मोडतात. रिबेल व्हर्सेस इंपिरियममध्ये दुसऱ्याचे ग्रह हिसकावणं येतं, द ब्रिंक ऑफ वॉरमध्ये प्रेस्टीज नावाचा आणखी एक हिशोब. त्यांची घाई नाही, सवलत लागेपर्यंत थांबा.

शेवटच्या फेऱ्यांत एक लक्षात ठेवा: समोरच्याच्या टॅब्लोत दहा पत्ते झाले की डाव त्याच फेरीत संपू शकतो, डेव्हलप आणि सेटल दोन्ही चालले तर. पण संपतो तो फेरीच्या अखेरीस, त्यामुळे चौथा टप्पा होतोच. माल पडून असेल तर अशा वेळी दुप्पट निवडा. गुणांचा साठा (माणशी 12) संपला तरी त्या फेरीत मिळवलेले जादा गुण मिळतातच. आणि बरोबरी झाली तर हातातले पत्ते आणि ग्रहांवरचा माल मोजतात, तेव्हा शेवटच्या फेरीत अर्धवट कामाच्या शून्य गुणाच्या पत्त्यावर हात रिकामा करू नका.